वेस्ट कोस्ट ट्रेल: पचीना बे ते गॉर्डन रिव्हर, सात दिवसांत

कॅनडातल्या व्हँकुव्हर आयलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरची ही वाट ७५ किलोमीटरची आहे. सह्याद्रीत दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर सहज तोडणारी मंडळी हा आकडा ऐकून चार दिवसांची रजा टाकतात आणि हिशोब तिथेच चुकतो. सात दिवसांच्या आखणीत पहिले ५३ किलोमीटर चार दिवसांत होतात आणि उरलेल्या २२ किलोमीटरना तीन दिवस लागतात. दक्षिणेकडच्या टप्प्यात ताशी एक किलोमीटर हा चांगला वेग समजावा. त्यामुळे अंतर विसरा आणि तास मोजा. तेही घड्याळाच्या आधी भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून.

वाट जन्माला आली ती जहाजांच्या अपघातांमुळे. हुआन दे फुका सामुद्रधुनीच्या तोंडाशी धुकं, प्रवाह आणि खडक असे एकत्र येतात की या किनाऱ्याला 'पॅसिफिकचं स्मशान' असं नाव पडलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथल्या जंगलातून तारायंत्राची तार ओढली होती. २२ जानेवारी १९०६ ला 'व्हॅलेन्शिया' ही सॅन फ्रान्सिस्कोहून आलेली आगबोट खराब हवेत सामुद्रधुनीचं तोंड चुकून पुढे गेली आणि पचीना पॉइंटजवळच्या खडकावर चढली. ३७ माणसं वाचली, शंभराहून जास्त गेली. बोटीवरच्या बायका-मुलांपैकी एकही वाचलं नाही. त्यानंतर तारेची पायवाट रुंद करून बुडालेल्यांना मदत पोचवायची वाट केली गेली आणि पचीनाचं दीपगृह उभं राहिलं. आज हा सगळा पट्टा पॅसिफिक रिम राष्ट्रीय उद्यानात येतो. जमीन मात्र मुळात हू-अय-आट, डिटिडाट आणि पचीडाट या तीन समाजांची. वाटेवर पाणी पार करून देणाऱ्या दोन्ही नावा त्यांच्याच माणसांच्या हातात आहेत आणि मधली त्यांची राखीव गावठाणं सोडून जायची असतात.

हंगाम १ मे ते ३० सप्टेंबर. दररोज ठरावीक माणसांनाच सोडतात. आरक्षण हिवाळ्यात उघडतं आणि जुलै-ऑगस्टच्या तारखा लगेच संपतात. एका गटात जास्तीत जास्त दहा जण. निघण्याआधी पार्क्स कॅनडाच्या टपरीवर माहितीसत्राला बसावंच लागतं. ते बसल्याशिवाय परवाना हातात येत नाही, आणि ते टाळण्यासारखं नाहीच, कारण कुठला पूल पडलाय, कुठला पाळणा (नदीवरून तारेने पार व्हायचा) बंद आहे, कुठे अस्वल दिसलंय हे त्या दिवशीचं तिथेच कळतं. जलरोधक नकाशा आणि कोष्टकही तिथेच मिळतं.

उत्तरेकडून सुरुवात करावी की दक्षिणेकडून, यावर लोक तावातावाने भांडतात. आमचं मत उत्तरेचं. पचीनाकडची वाट सोपी असते, त्या दिवसांत पाय आणि खांदे ओझ्याला सरावतात, आणि शिड्यांचा अवघड भाग येईपर्यंत पाठीवरचा अडीच किलो शिधा पोटात गेलेला असतो. दक्षिणेकडून निघालात तर सगळ्यांत जड सॅक घेऊन सगळ्यांत उभ्या शिड्या पहिल्याच सकाळी चढाव्या लागतात.

सॅक पाण्यासकट शरीराच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जड नको. साठ किलोच्या माणसाला पंधरा किलो. कोरडा शिधा दिवसाला माणशी ६५० ग्रॅमच्या आसपास पुरतो: पोहे, मेतकूट, दाण्याची चटणी, भडंग, खजूर, झटपट शिजणारा भात, वाळवलेली डाळ. गॅसचं २३० ग्रॅमचं एक डबडं दोघांना साडेतीन-चार दिवस जातं, पण फक्त पाणी उकळायचं असेल तर. डाळ शिजवत बसलात तर दोन दिवसांत संपेल, म्हणून डाळ घरीच शिजवून वाळवून न्या. हिंगाची डबी, गोडा मसाला, टूथपेस्ट, सनस्क्रीन हे सगळं रात्री अन्नाबरोबर अस्वलपेटीत जातं. वासाच्या बाबतीत अस्वल शिधा आणि साबण यांत फरक करत नाही. बहुतेक कॅम्पवर लोखंडी पेट्या आहेत. त्या भरल्या तर झाडाला टांगायला पंधरा मीटर दोरी जवळ ठेवा.

पाऊस इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे कोकणाइतकाच, फक्त ऋतू उलटा: मोठा पाऊस हिवाळ्यात, आणि जुलै-ऑगस्टला धुकं. तरी उन्हाळ्यातही दोन दिवस सलग ओतू शकतो. कापडी जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा. ओलं सुती कापड अंगावर वाळत नाही, आणि बारा अंश तापमानात भिजलेला माणूस गारठून पडतो. झोपायची पिशवी आणि कोरडे कपडे ड्राय बॅगमध्येच हवेत. घोट्याच्या वर येणारे बूट, बुटावरून गुडघ्यापर्यंत चढवायचे गेटर, दोन ट्रेकिंग पोल, आणि तळहाताला रबर असलेले बागकामाचे स्वस्त हातमोजे. हे हातमोजे लोक विसरतात आणि तिसऱ्या पाळण्याला त्यांच्या तळहातांची सालं निघालेली असतात.

कोष्टकाबद्दल एवढं लक्षात ठेवा. छापील कोष्टक प्रमाणवेळेत असेल तर उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवावा लागतो. कुठली वेळ आहे ते पानाच्या डोक्यावर लिहिलेलं असतं आणि तेच वाचायचं राहून जातं. दुसरं, दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, दोन भरत्याही नसतात. कोकणात तिथीची पाऊणपट करून वेळ काढतात, त्यावर इथे विसंबू नये, कारण वेळ जुळली तरी पाणी किती उतरेल ते कळत नाही. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर खोल ओहोटी साधारण सकाळी आणि मोठी भरती रात्री येते. दिवसा चालणाऱ्याला हे सोयीचं आहे, पण वाळूवर तंबू टाकणाऱ्याला घातक. संध्याकाळी कोरडी दिसलेली वाळू मध्यरात्री पाण्याखाली जाते. तंबूची जागा ठरवताना ताजं शेवाळ कुठे लागलंय ती रेघ शोधा आणि तिच्याही वर, ओंडक्यांच्या रांगेपाशी जा.

पहिला दिवस: पचीना बे ते मिशिगन क्रीक, १२ किमी, चार ते पाच तास

खुणेचे किलोमीटर उत्तरेकडून सुरू होतात, म्हणजे पचीना शून्यावर आणि गॉर्डन रिव्हर ७५ वर. पहिला टप्पा दीपगृहाला सामान पोचवणाऱ्या जुन्या रस्त्यावरून आहे: रुंद, मळलेला, मधे थोड्या शिड्या. इथे वेगाने पळू नका. गुडघे दुखायला लागतात ते याच दिवशी, फक्त कळतं तिसऱ्या दिवशी.

नवव्या किलोमीटरच्या आसपास डावीकडे न जाता समुद्राकडची फाटी घेतली की खालच्या खडकावर सी लायन पसरलेले दिसतात. आधी आवाज येतो, मग वास. दहाव्या किलोमीटरला पचीना दीपगृह. आवारात जायला मिळतं तेव्हा कर्मचाऱ्यांच्या घरांपासून लांब राहावं.

मिशिगन क्रीकला पहिला कॅम्प. नाव १८९३ साली इथे फुटलेल्या बोटीवरून. तिचा गंजलेला बॉयलर ओहोटीला अजून दिसतो. त्याच दिवशी निघालेले जवळपास सगळे इथेच थांबतात, त्यामुळे गर्दी असते. अंगात जोर असेल आणि पाणी उतरलेलं असेल तर दोन किलोमीटर पुढे डार्लिंग रिव्हरला जा. दुसरा दिवस तेवढा हलका होतो. पाणी कुठलंही असो, गाळून किंवा उकळूनच प्यायचं. ओढ्यांचा चहासारखा तांबूस रंग झाडपाल्याचा आहे, त्याने काही होत नाही. फक्त गाळणी लवकर तुंबते, म्हणून ओढ्याच्या वरच्या अंगाला जाऊन भरावं.

किनाऱ्यावर कालवं आणि शिंपल्या मुबलक दिसतील. खाऊ नका. लाल भरतीच्या, म्हणजे समुद्रात विषारी शेवाळ माजण्याच्या काळात त्यांच्यात साठणारं विष शिजवूनही जात नाही आणि त्याने श्वास बंद पडतो.

दुसरा दिवस: मिशिगन ते सुसियाट धबधबा, १३ किमी, सहा ते सात तास

सकाळी वाळूवरून चालायला मिळतं. चालायची जागा पाण्याच्या कडेची ओली, घट्ट वाळू. वर सुक्या भागात गोटे असतात, त्यात पाय रुततो आणि दुप्पट दम लागतो. सपाट खडकावर आलात की रंग बघून पाय टाका. खडकाला चिकटलेल्या पांढऱ्या खरबरीत बार्नॅकलवर (कवचवाले बारीक जीव) बूट धरतो. गडद हिरवा किंवा काळा पातळ थर हा साबण ओतलेल्या फरशीसारखा असतो, कोरडा दिसला तरी.

सतराव्या किलोमीटरनंतर व्हॅलेन्शियाचे कडे लागतात. इथे खालून वाट नाही, जंगलात चढावंच लागतं. किनाऱ्यावरून आत शिरायची जागा कशी ओळखायची? झाडांना मासेमारीचे रंगीत तरंगते गोळे टांगलेले असतात. हीच खूण शेवटपर्यंत. गोळे दिसले म्हणजे तिथून वर वाट आहे. ते चुकवून पुढे गेलात आणि वाट संपून कडा लागला, तर भरती येण्याआधी मागे फिरा, कड्यावर चढायच्या भानगडीत पडू नका.

२३ व्या किलोमीटरला क्लानावा नदी आणि पहिला पाळणा. दोन्ही काठांवर लाकडी मचाण, मधे लोखंडी तार, तारेवर लोंबणारा पत्र्याचा पाळणा आणि ओढायला दोरी. एका खेपेत दोन माणसं आणि दोन सॅक, जास्त नाही. एकाने मचाणावर उभं राहून पाळणा घट्ट धरायचा, दुसऱ्याने आधी सॅक ठेवून मग बसायचं, मग पहिल्याने. सोडला की पाळणा मधल्या झोळापर्यंत आपोआप घरंगळतो. त्यावेळी दोरीला हात लावू नका, तळवा भाजतो. खरे कष्ट पुढच्या अर्ध्यात, चढावर ओढण्याचे. बोटं, केस आणि सॅकचे लोंबते पट्टे कप्पीपासून लांब हवेत. समोरच्या मचाणावर कोणी असेल तर त्यांनी ओढावं, मचाणावरून निम्म्या ताकदीत होतं. सहा जणांच्या गटाला अर्धा-पाऊण तास लागतो. समोरून दुसरा गट आला असेल तर त्याहून जास्त, आणि हा वेळ दिवसाच्या हिशोबात कोणी धरत नाही.

सुसियाटला उतरताना पहिल्यांदा सलग लांब शिड्या येतात. तेव्हा पद्धत आत्ताच बसवून घ्या. पोल घडी करून सॅकला बांधायचे, हातात काही नको. कंबरेचा पट्टा आवळलेला, म्हणजे सॅक बाजूला झुलत नाही. तोंड शिडीकडे, चढताना आणि उतरतानाही. हातापायांपैकी तीन कायम टेकलेले. हात पायऱ्यांवर ठेवा. बाजूच्या खांबावर नको, तो शेवाळलेला असतो आणि हात घसरला तर खालपर्यंत घसरतो. एका शिडीवर एकच माणूस, आणि खाली थांबणाऱ्याने शिडीच्या रेषेतून बाजूला उभं राहायचं.

धबधबा थेट किनाऱ्यावरच्या डोहात पडतो, रुंद पडद्यासारखा. पोहायला मजा, पाणी गार. हा सगळ्यांचा लाडका कॅम्प, म्हणजे पुन्हा गर्दी आणि संडासापुढे रांग. शेकोटी करायची तर भरतीरेषेच्या खाली, वाहून आलेल्या लाकडाची, आणि बंदी नसेल तरच. जंगलात कुठेही नाही.

तिसरा दिवस: सुसियाट ते क्रिब्स क्रीक, १७ किमी, आठ ते नऊ तास

सगळ्यांत लांब दिवस, म्हणून सहाला उठा. २७ व्या किलोमीटरला सुसियाट पॉइंटवर खडकात आरपार भोक आहे. पाणी उतरलेलं असेल तर त्यातून पलीकडे जाता येतं. नसेल तर जंगलातून शिडीने. किती उंचीपर्यंत जाता येतं ते नकाशावर छापलेलं असतं.

नॅरोज ३२ व्या किलोमीटरच्या पुढे. निटिनाट सरोवर भरतीच्या पाण्याचं आहे आणि ते सगळं पाणी या एका चिंचोळ्या तोंडातून आत-बाहेर करतं. प्रवाह नदीच्या पुरासारखा. शंभरेक मीटरवर पलीकडचा काठ दिसतो म्हणून पोहत जायचा विचारही मनात आणू नका. डिटिडाटांची नाव दिवसा ठरावीक वेळातच चालते. संध्याकाळी उशिरा पोचलात तर ती रात्र अलीकडेच, आणि अलीकडे तंबूला जागा नाही. नावेचे पैसे परवान्यातच भरलेले असतात.

धक्क्यावर खायला मिळतं: नुकता धरलेला खेकडा, मासा, लोणी घातलेला भाजलेला बटाटा. शाकाहारी माणसाने दोन बटाटे सांगावेत. रोख जवळ ठेवा. जेवून तासभर पडावंसं वाटतं, पण पुढे नऊ किलोमीटर आहेत.

त्यांत पहिले तीन फळ्यांच्या पायवाटेवर. फळी ओली असेल तर मधोमध, छोटी पावलं, पोल फळीच्या फटीत अडकवू नका, तिथेच मोडतात. चीव्हाट नदी झुलत्या पुलावरून ओलांडायची. तिचं पाणी मचूळ आणि पिवळं आहे, पिऊ नये. दोन लीटर आधीच भरून घ्या. मग वाळू, डेअर पॉइंट आणि ४२ व्या किलोमीटरला क्रिब्स. इथे किनाऱ्यासमोर खडकांची सरळ भिंत आहे, बांधल्यासारखी, पण नैसर्गिक.

चौथा दिवस: क्रिब्स ते वॉलब्रन, ११ किमी, पाच ते सहा तास

दोन किलोमीटरवर कार्माना दीपगृह, १८९१ पासूनचं. त्याच्या खालच्या किनाऱ्यावर एके काळी एका कुटुंबाच्या तंबूत बर्गर मिळायचे आणि जुन्या टिपणांत त्याची वर्णनं सापडतात. त्यावर विसंबून शिधा कमी करू नका. ४६ ला कार्माना क्रीकचा पाळणा, पाणी कमी असेल तर चालतही जाता येतं. नदी पायी ओलांडताना मात्र शिडीच्या उलट: कंबरेचा आणि छातीचा पट्टा सोडायचा, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येते. बूट काढून अनवाणी जाऊ नका. पाण्याचा जोर मांडीपर्यंत आला तर परत फिरा.

पुढे बोनिलापासून वॉलब्रनपर्यंत सगळा किनारा. समोर क्षितिजावर अमेरिकेचे ऑलिंपिक पर्वत, आणि फोनला अधूनमधून अमेरिकन सिग्नल. रोमिंगचं बिल येतं, तेव्हा फोन विमान अवस्थेतच बरा.

वॉलब्रनला दुपारी पोचाल. त्या दुपारी काम हे: पायाचे फोड बघा, मोजे वाळवा, उद्या-परवाच्या ओहोटीच्या वेळा कागदावर लिहून काढा. सोपी वाट इथे संपली.

पाचवा दिवस: वॉलब्रन ते कॅम्पर बे, ९ किमी, सात ते नऊ तास

आकडे चुकलेले नाहीत. नऊ किलोमीटरला नऊ तास.

वॉलब्रनहून किनाऱ्यानेही थोडं पुढे जाता येतं असं दिसतं, पण मधे ॲड्रेनलिन क्रीकची घळ आहे. खडकात समुद्राने कापलेली चर, लाट आली की त्यातलं पाणी उसळून वर येतं, आणि वरून ओढ्याचं पाणी पडून काठ निसरडे. तिथे माणसं दगावलेली आहेत. जंगलातून जा.

जंगल म्हणजे चिखल आणि मुळं. देवदार-हेमलॉकची मुळं वाटेवर गुडघ्याइतकी उंच आडवी असतात आणि मधल्या खड्ड्यांत पाणी. चिखलाची खोली पोलने चाचपा. काठाने वळसा घेऊ नका. वळशामुळे वाट रुंदावते आणि काठाचं माजलेलं मूळ पाय घसरवतं. मधून सरळ चाललं की घोट्यापर्यंत जातो, गेटर असले की काही होत नाही. मुळावर पाय टाकायचा तर आडवा, मुळाला काटकोनात. मुळाच्या लांबीत टाकलेला पाय हमखास सुटतो. या वाटेवरून उचलून न्यावी लागणारी माणसं बहुतेक घोटा किंवा गुडघा मुरगळलेली असतात, आणि बहुतेक दुपारनंतर, थकल्यावर. तासाला दहा मिनिटं सॅक उतरवून बसणं हा आळस नव्हे.

लोगन क्रीक ५६ ला, कलाईट कोव्ह ५८ ला. या दोन दऱ्यांत शिड्यांचे सगळ्यांत लांब पल्ले येतात, एकीवरून उतरून लगेच दुसरी. संपूर्ण वाटेवर शिड्या शंभराहून जास्त आहेत, त्यांचा मोठा वाटा या दक्षिणेकडच्या भागातच. पायरी गायब असू शकते, डगमगत असू शकते. वरचा माणूस ओरडून सांगतो. दोन्हींच्या मधे दलदलीचं मोकळं पठार, खुरटे पाइन आणि कुजक्या फळ्या. फळीच्या कडेला वजन देऊ नका.

कलाईटला पोचताना तीन वाजून गेले असतील तर तिथेच थांबा. कॅम्परपर्यंतचे चार किलोमीटर अंधारात करण्यासारखे नाहीत, आणि पुढे कॅम्परला आणखी एक पाळणा आहे.

सहावा दिवस: कॅम्पर बे ते थ्रॅशर कोव्ह, ८ किमी, सहा ते आठ तास

सगळं आज पाण्यावर अवलंबून. दोन पर्याय: पूर्ण जंगलातून, किंवा पहिला भाग जंगलातून आणि मग किनाऱ्याला उतरून ओवेन पॉइंटला वळसा. ओवेन पॉइंट ६७ व्या किलोमीटरला आहे आणि पाणी १.८ मीटरच्या खाली असेल तरच पार होतो.

हिशोब असा करायचा. समजा ओहोटी ०.६ मीटर, सकाळी साडेनऊला. पुढची भरती २.८ मीटर, दुपारी साडेतीनला. म्हणजे सहा तासांत २.२ मीटर चढणार. पण सारखं चढत नाही: पहिल्या तासाला एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला एक. तीन तासांनी, साडेबाराला पाणी १.७ मीटरला आलेलं असेल आणि त्यानंतर दहा-बारा मिनिटांत १.८ ओलांडेल. कोष्टकात लाटेची उंची धरलेली नसते, शिवाय हवेचा दाब कमी असेल तर पाणी आणखी वर येतं. म्हणून पाऊण तास राखून ठेवा: ओवेन पॉइंट पावणेबाराच्या आत पार झालाच पाहिजे. कॅम्परहून तिथे चार-साडेचार तास. म्हणजे सकाळी सातला पावलं चालू लागलेली हवीत, उठणं पाचला. सहलीच्या तारखा हातात असतील तर हा दिवस पौर्णिमा किंवा अमावस्येनंतर दोन-तीन दिवसांनी येईल असं बघा. तेव्हा ओहोटी चांगली खोल आणि सकाळच्या सोयीच्या वेळी मिळण्याची शक्यता जास्त. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाणी फारसं उतरतच नाही.

कॅम्परहून थेट किनाऱ्याने निघू नका. तिथल्या खडकांत पाण्याच्या खोल चरा आहेत. जंगलातून जाऊन, नकाशावरच्या ठरलेल्या फाट्याने, गोळ्यांची खूण बघून उतरा. मग सपाट खडक, ओवेनच्या गुहा, आणि त्यापुढे तीन किलोमीटर दगड. काही दगड मोटारीएवढे, काही घराएवढे. उड्या मारून जाण्याची जागा नाही. पोल गुंडाळा, हात वापरा, बसून घसरा. ओंडके ओले असतील तर त्यांवर चढूच नका, त्यांच्याखालून किंवा वळसा घालून जा. सॅक काढून एकमेकांच्या हातात द्यायला लाज वाटून घेऊ नये. इथे तीन तास सहज जातात, आणि मागे भरती चढत असते.

वेळ जुळत नसेल, धुकं किंवा लाट मोठी असेल, किंवा गटातला एक जण लंगडत असेल तर जंगलाचा पर्याय घ्या. दृश्य नाही, चिखल भरपूर, पण घड्याळाची सक्ती नाही. ओवेनसाठी दोन-तीन तास थांबून दुपारी घाईने दगडांत शिरणं हे सगळ्यांत वाईट.

थ्रॅशरची वाळू अरुंद आहे आणि मोठ्या भरतीला आणखी अरुंद. तंबू सगळ्यांचे दाटीवाटीने. या किनाऱ्यासमोर समुद्रतळाशी एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो. २६ जानेवारी १७०० च्या भूकंपाने आलेल्या लाटेने पचीना बे मधली वस्ती पुसली गेल्याचं हू-अय-आटांच्या तोंडी इतिहासात आहे. जमीन हलली तर सामान आवरत बसायचं नाही, सगळ्यांनी लगेच उंचावर. अंधार पडण्याआधी वरची वाट कुठून आहे ते बघून ठेवा.

सातवा दिवस: थ्रॅशर ते गॉर्डन रिव्हर, ६ किमी, चार ते पाच तास

पहिला किलोमीटर मुख्य वाटेपर्यंतचा उभा चढ, शिड्यांसकट. तो ७५ त धरलेला नाही. मग संपूर्ण वाटेवरची सगळ्यांत उंच जागा, दोनशे मीटरच्या जवळपास. आकडा किरकोळ, पण वाट सतत वर-खाली करते. पुढे झाडीत लाकूडतोडीच्या काळातलं वाफेचं गंजलेलं यंत्र पडलंय, ओंडके ओढणारं. तिथे दम खा, पाणी प्या.

शेवटची शिडी उतरली की नदीचा काठ. खांबाला दोरीने एक तरंगता गोळा बांधलेला आहे, तो वर ओढून ठेवायचा. पलीकडून दिसला की पचीडाटांची नाव येते. नावेत बसताना सॅक अंगावर नको. फेऱ्या दिवसातून ठरावीकच असतात, आणि बसची वेळ त्यांच्याशी जुळतेच असं नाही. दोन्ही वेळा पहिल्या दिवशीच्या माहितीसत्रात विचारून लिहून ठेवा आणि त्यावरून थ्रॅशरहून निघायची वेळ मागे मोजत या. साडेसहाला निघालात तर बहुतेक वेळा दुपारची बस मिळते. पलीकडच्या कार्यालयात परवाना दाखवून नाव खोडून घ्यायला विसरू नका, नाहीतर तुम्ही अजून आतच आहात असं समजून शोध सुरू होऊ शकतो.